किती किल्ला तलाव

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, जिथं मी
दुधाच्या गिऱ्हाइकांचे खाडे मांडते,
तिथंच खाली समुद्र लिहायला घेतला.
शुक्रवारी रात्री नको, ओमनीचा एकच दिवा लागतोय.
शनिवारी पहाटे. पोरं झोपेतच उचलून आत टाकायची.

ओमनी बसूअण्णाची. म्हणाला,
गॅस तुमचा, टायर माझे,
टायरकडं तेवढं बघायचं नाही, वैनी.

चोर्ल्यातून जवळ. पण ईरा तिसऱ्या वळणाला ओकते.
आंबोलीतून गेलं तर माकडं बघून
भैरू गाडीत परत बसायचा नाही.
दोन्ही घाटांपुढं लिंबू, ओवा, कॅरीबॅगा सात, असं लिहिलं
आणि ठरवायचं काम ह्यांच्यावर सोडलं.
ह्यांची सुट्टी अजून उद्यमबागेत अडकलीय,
भट्टीपाशी, सुपरवायझरच्या घामेजल्या खिशात.

तारखा पण आमच्या आखूड.
चंदगडच्या नणंदेची पोरं
जूनच्या मध्यापर्यंत हुंदडणार,
आमच्या येळ्ळूरच्या शाळेची घंटा
मे संपायच्या आत वाजते.
तासाभराच्या अंतरावर सुट्टी बदलते.
आंबे तेच राहतात.

आरवलीच्या खोलीवाल्या बाईला फोन लावला.
समुद्र घरातून दिसतो काय हो?
"दिसणा नाय, पण रातीक गाज आयकाक येता.
पोरांचे पैसे नको. न्हाणीत रेती तेवढी नको."
मी लिहिलं: दिसत नाही. ऐकू येतो. पोरं फुकट.

सासूबाई म्हणाल्या, अर्धा किलो कुंदा न्या तिला,
रिकाम्या हातानं कुणाच्या गावात झोपू नये.
स्वतः येणार नाहीत. म्हशीचं कारण आहे.
म्हशीला विचारलं तर ती नाही म्हणेल.

ईरा शाळेचं कन्नडचं पुस्तक घेऊन आली.
पाण्याला नीरु, माशाला मीनु,
वाळूला मरळु, होडीला दोणी.
आणि समुद्राला?
तिनं बोट ठेवून वाचलं, मग पुन्हा वाचलं.
"समुद्रच आहे की गं. त्यांनी बदललाच नाही."
जरा नाराज झाली,
न लिहिताच मार्क मिळाल्यासारखी.

भैरूला आकडा पाहिजे.
समुद्र म्हणजे किती किल्ला तलाव? दहा?
दहाच्या पुढं त्याला येत नाही.
ह्यांनी जेवता जेवता सांगितलं, दहा, मग परत दहा,
मग परत, तुला झोप येईपर्यंत.
तो खरंच मोजत बसला. ताटातला भात गार.

लग्नाच्या साली एकदा गेलतो आम्ही कारवारला,
चौदा माणसं एका टेंपोत.
मी सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी होते.
चपला चांगल्या लक्षात आहेत:
मामंजींच्या कातडी, करकरणाऱ्या,
धाकट्या जावेच्या नव्या, अजून किमतीचा कागद चिकटलेला,
आणि एक जोड कुणाचाच नव्हता, तोही राखला.
पाण्याचं फारसं आठवत नाही.
कुणीतरी ओल्या हातानं माझ्या खांद्याला धरलं होतं
चप्पल घालताना, तेवढंच.

रात्री यादी परत वाचली.
पोरांचे कपडे तीन-तीन, भाकऱ्या, शेंगाचटणी,
ह्यांची बीपीची गोळी, भैरूची बादली,
बादलीला दोरी, कारण तो ती सोडून देणार.
सगळ्यात खाली, खाड्यांच्या रेघेला लागून,
पेन्सिलीनं, मला तेवढं वाचता येईल असं:
जुना पंजाबी ड्रेस. माझा.
भिजला तरी चालेल असा.

सुट्टीचं अजून काही कळलेलं नाही.
आतल्या खोलीतून भैरू, झोपेत:
दहा.