वाव

गेत-न्दारच्या किनाऱ्यावर, मासे वाळत घातलेल्या फळ्यांशेजारी
वीतभर सावलीत ती बसली होती.
होडी जाऊन तेरा दिवस झाले होते.
यस्परने कॅमेरा छातीशीच धरला, डोळ्याला लावला नाही,
मला म्हणाला, विचार तिला.
भला माणूस. हे आधीच सांगून ठेवतो.

मी विचारलं.
पण आधी नाव विचारलं, मग होडीचा रंग,
मग सोबत किती जण, मग पोरांनी काही खाल्लं का,
आणि त्या ओघात, माशी वारावी तसं,
फोटोचंही.
ती म्हणाली, वाव.

वाव म्हणजे हो.
वाव म्हणजे ऐकतेय.
वाव म्हणजे बोल बाबा तू, माझं लक्ष पाण्याकडे आहे.
आमच्याकडे कुणी लांबलचक काही सांगू लागला
की समोरचा दर श्वासाला वाव म्हणतो,
गोष्ट अडू नये म्हणून.
यस्परने विचारलं, हो म्हणाली?
मी म्हटलं, हो.
तेवढ्या वावातून कॅमेरा आत शिरला.
ऊन उतरत होतं. माझे दिवसाचे वीस हजार फ्रँक ठरले होते.

चार महिन्यांनी ती माझ्या दारात उभी. सुकेयना.
भाच्याच्या फोनवर तो फोटो.
चांगला आलाय, म्हणाली, कपाळावरचं मीठसुद्धा दिसतं.
मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं:
हे फ्रेंच मला येत नाही. वाच.
चुकीचं वाचावं असं क्षणभर वाटलं.
वाचलं.
'बुडालेल्या कोळ्याची विधवा.'

कायारला त्याची आई असते, ती म्हणाली.
तिला हे शेजारच्या पोराने दाखवलं. मोठ्याने वाचूनही दाखवलं.
मी तर त्या दिवशी नुसती वाट बघत होते.
विधवा मी नंतर झाले. एका मंगळवारी.

माफी मागायला मी तोंड उघडलं
तर तिने पाणी मागितलं.
पेला उंबऱ्यावर पालथा घातला, म्हणाली,
आता त्या दिवसाचं सांग. सगळं.
त्याने काय विचारलं, तू मला काय विचारलंस.

मी सांगू लागलो.
दर वाक्याशेवटी थांबत होतो.
ती एकदाही वाव म्हणाली नाही.