बर्फाची जाडी

पत्र फेब्रुवारीत आलं, ओउलूमध्ये.
बाहेर उणे बावीस.
पत्रात उणे एकशे शहाण्णव.

"आपले चार भ्रूण आमच्याकडे सुस्थितीत आहेत.
साठवणीची मुदत जूनअखेर संपते.
खालीलपैकी एकाच चौकटीत खूण करावी."

सुस्थितीत.
जुन्या कपाटाबद्दल लिहावं तसा शब्द.
मी तो दोनदा वाचला.

नष्ट करावेत.
दुसऱ्या जोडप्याला द्यावेत.
संशोधनासाठी वापरावेत; चौदा दिवसांपलीकडे वाढवले जाणार नाहीत.

चौथी चौकट नव्हती.
असती तर तिथेच खूण केली असती मी:
राहू द्या, आहेत तसेच.

आर्रे म्हणाला, तू ठरव.
त्याला वाटलं, हा मोठेपणा आहे.

मुळात पाच होते. एकाच गुरुवारचे.
सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते आम्हाला,
अक्षरं अजून लिहायचीच आहेत
आणि अनुस्वार तेवढे देऊन ठेवलेत, असे.
कुणीतरी त्यातल्या एकाकडे बोट केलं.
त्या बोटाची पुढे विएनो झाली.
सात वर्षांची आहे आता.
समोरचा दात पडलाय, तो काडेपेटीत ठेवलाय तिनं
आणि रोज रात्री विचारते,
"हा अजून माझाच आहे ना?"

बोट इंचभर डावीकडे गेलं असतं तर?
हा विचार मी
गरम तव्याला हात लावावा तसा करते
आणि लगेच मागे घेते.

रविवारी बाबा आले.
त्यांचा कप बशीवर वाजतो हल्ली, उजव्या हातात.
साखर शोधताना त्यांनी पत्र वाचलं,
चष्मा नसूनही, सगळं.
"माझ्या हातासाठी करू नकोस हे," म्हणाले.
"औषध निघेपर्यंत मी काही थांबत नाही."

तीस वर्षं बाबा समुद्रावरचा बर्फ मोजायचे.
हिवाळ्यात बेटापर्यंत रस्ता व्हायचा पाण्याचाच.
रोज पहाटे गिरमिटानं भोक, भोकात पट्टी,
इतके सेंटिमीटर झाले की मोटार, इतके झाले की ट्रक.

मी विचारलं, "पाण्याचा रस्ता नेमका कधी होतो, बाबा?"

"पाण्याला ते ठाऊक नसतं.
आकडा आपला. आपल्याला पलीकडे जायचं असतं ना."
कप वाजला. थांबला. पुन्हा वाजला.
"म्हणून आकडा खोटा, असं नाही हं.
एका मार्चमध्ये दोन सेंटिमीटर कमी भरले.
बेटावर एक बाई अडली होती.
मी सही केली. गाडी गेली, परत आली,
बाई वाचली, मूलही.
आणि तरी त्या रात्री माझा डोळ्याला डोळा नाही.
सही करायची तर कर, साइमी.
फक्त वर शांत झोपही हवी,
असा हट्ट धरू नकोस."

सोमवारी प्रयोगशाळेत फोन केला.
विचारायचं होतं बरंच काही,
निघालं एवढंच:
"चौदाव्या दिवशी तिथे कोण असतं?"
पलीकडची बाई गप्प झाली. मग म्हणाली,
"मी असते. वेळ लिहून ठेवते वहीत. तास, मिनिटं."
"नियम आहे?"
"नाही," ती म्हणाली. "कुणीतरी लिहायला हवी."

तिसऱ्या चौकटीत खूण केली.
पेन गोठलं नव्हतं, तरी दोनदा गिरवावं लागलं.
आता ती खूण बघताना
ती फुली आहे की बरोबरची खूण,
मलाच सांगता येत नाही.

रात्री खाडीवरचा बर्फ कण्हत होता,
जाड होताना कण्हतो तो, तुटताना नव्हे,
बाबांनी शिकवलेलं.
दोन्ही आवाज सारखेच वाटतात मला अजून.

जागीच होते.
विएनोच्या खोलीतून आवाज आला,
काडेपेटी हलवत होती ती अंधारात,
दात आहे ना आत, बघायला.