आवाज नसलेली रिक्षा

नायनाचे कान मागावर गेले.
तीस वर्षं दत्तनगरच्या कारखान्यात खटक-खटक,
मग एके दिवशी कुकरची शिट्टीही बंद.

माझी बॅटरीवरची रिक्षा आली तेव्हा
अशोक चौकातली पोरं म्हणाली, अक्का,
हिला आवाजच नाही, माणसं मरतील.
पहिल्याच आठवड्यात
विड्यांचं सूप डोक्यावर घेतलेली बाई
चाकापासून वीतभरावर वळली.
अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत शिव्या घातल्या.
मध्ये इंजिन नव्हतं,
सगळ्या नीट ऐकू आल्या.

रात्री खिडकीतून वायर काढून चार्जिंगला लावते.
नायना बाज ओढून शेजारी बसतो,
लुकलुकणाऱ्या दिव्याकडं बघत,
कांडी कधी संपते बघायचा, तसाच.

ही वीज कुठनं येते, त्यानं विचारलं.
मी फताटेवाडीकडं बोट केलं.
लांबवर चिमणीचा लाल ठिपका.
म्हणजे धूर गेला नाही, तो म्हणाला,
गावाबाहेर ऱ्हायला गेला.
मी गप्प. मीटर फिरत होता.

मग विडीवालीची गोष्ट सांगितली, हातवारे करून.
तो हसला, खोकला, परत हसला.
मला सगळ्याच गाड्या अशा येतात गं, म्हणाला.
दोन्हीकडं बघायचं. मग पाय टाकायचा.

सकाळी निघताना
त्यानं पत्र्यावर तळहात ठेवला,
मागाची थरथर शोधावी तसा.
बराच वेळ.
मग मला विचारलं,
चालू केलीस का?