दुसरा कप्पा

दुसऱ्या कप्प्याचा दिवा पिवळा.
केबल बदलली. मग डिस्क तिसऱ्यात सरकवली,
दोष तिच्यासोबतच गेला.
म्हणजे कप्पा निर्दोष.

खराब सेक्टर संध्याकाळी अठ्ठेचाळीस,
जेवणं होईतो दोनशे बारा.

भालचंद्रमामा सातपूरला तीस वर्षं लेथवर.
त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कला टेकवलं,
मूठ कानाला:
"बेअरिंग ठीकाय. आतली सुई चाचपडतेय,
जागा सापडत नाहीये तिला."

मामींचा आवाज याच पेटीत आहे,
हा विषय दोघांनीही काढला नाही.

कॅनडा कॉर्नरवरून नवी आणली, बसवली.
पुनर्बांधणी: एकोणीस तास.
"झोप तू. मला रात्रपाळीची सवय आहे."

पहाटे पाहतो तर
आकडा सदतीस टक्क्यांवर,
मामांच्या कानाशी पुन्हा तीच मूठ.
"काही बिघडलं?"
"नाही रे," डोळे न उघडता म्हणाले,
"ऐकतोय."