एकशे वीस

फोनवरचं घर पांढरंशुभ्र आहे.
तीन खोल्या, दोन रात्री, सात हजार आठशे,
साफसफाईचे सहाशे वेगळे,
आणि खाली बारीक अक्षरात : निघताना घर झाडून ठेवावे.
खिडकीतून पार्कातला मोठा पाळणा दिसतो म्हणे.
फोटोत त्याचं एक टोक दिसतं,
जशी आमच्या गच्चीवरून कृष्णा दिसते :
आहे हे माहीत असलं, की दिसते.

श्रेणिक म्हणतो, घे की.
तो कशालाही घे की म्हणतो
आणि मग महिनाभर पेट्रोलच्या पावत्या मोजतो.
सासूबाई म्हणतात, माझं काय, मी इथंच राहीन.
म्हणजे त्यांची पिशवी भरून झाली.
त्यांना दिवस मावळायच्या आत जेवण,
कांदा नको, बटाटा नको,
म्हणून हॉटेल नको, म्हणून घर.
घर म्हणजे शेगडी,
शेगडी म्हणजे मी.
सांगलीतल्या शिट्ट्या पाचगणीच्या घाटात नेऊन
मोजायच्या फक्त.

तिथल्या पांगारेंना फोन लावला.
मागे कोंबडा, त्याच्यामागे वारा.
भांडी वेगळी आहेत का हो? आम्ही जैन.
ते थांबले.
“ताई, खोटं कशाला सांगू,
कढईत परवाच एका पार्टीनं मटण केलं.
तुमची तुम्ही आणा.
पाणी गाळायला फडकं मी देतो. नवं.”
नवं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.
साडेचार ताऱ्यांपेक्षा
मला ते फडकं खरं वाटलं.

मग म्हणाले, पोरगी केवढी?
पाळण्याच्या फाटकावर लाकडी अस्वल उभं केलंय,
त्याच्या हाताखालून जी जाते
तिला पाळणा नाही.
एकशे वीस लागतं.

मधल्या खोलीच्या भिंतीवर एक रेघ आहे,
एकोणीस सालच्या पुराची.
रंग देताना श्रेणिकनं तेवढी पट्टी सोडायला लावली.
पेंटर हसला, आणि पट्टी सोडायचे पैसे जास्त घेतले.
त्या रेघेखाली पेन्सिलीच्या रेघा, तारखा घालून,
जिनिशाच्या.
पूर आला तेव्हा ती एक वर्षाची,
माझ्या खांद्यावर, होडीत,
झोपलेली.

टेप लावली. एकशे सोळा.
टाचा उचलून एकोणीस.
अंबाडा धरला तर वीस, ती म्हणाली,
आणि अस्वलाला काय कळतंय.

पुढच्या मेपर्यंत वाढेल चार बोटं.
पण पुढच्या मेला सासूबाईंचे गुडघे
घराच्या त्या सात पायऱ्या चढतील का?
आणि उंची भरली त्या दिवशी
हिला पाळणा नकोसा झाला तर?
एकाच सालात सगळ्यांची मापं
कुठं बसतात.

“हे घर आत्ता तिघंजण बघत आहेत,” फोन म्हणतो.
कोण तिघं?
एक मी.
एक श्रेणिक, बाथरूममधून.
आणि पांघरुणाच्या आत उजेड आहे,
सासूबाई जप करत नाहीयेत.

जिनिशा फोटो बोटांनी मोठा करते,
भिंतीवरून बोट फिरवते, कोपऱ्यापर्यंत.
“आई, इथं पाणी कुठपर्यंत आलेलं?”
नाही आलं गं. डोंगरावर आहे ते.
“कधीच नाही?”
कधीच नाही.
ती विचारात पडते.
“मग त्यांच्यात कोण किती वाढलं
हे कशाखाली लिहितात?”

मी अंगठा टेकवला.
ओटीपी श्रेणिकच्या फोनवर गेला.
नळ बंद करून तो आतून ओरडला,
चार, शून्य, नऊ,
आणि पांघरुणातून सासूबाईंनी
एकेक आकडा मोठ्यानं परत म्हटला,
शेजारच्या कोथळ्यांनाही पाठ व्हावा असा.
शेवटचा कुणालाच ऐकू आला नाही.
पुन्हा सांग, मी म्हटलं.
पुन्हा नळ बंद झाला.