पाणी उजव्या हाताला

पहाटे साडेतीनला सूर गावाला
माशांचा आणि डिझेलचा वास असतो.
मी खाडीच्या कडेने चालतो,
पाठीवर पाच किलो तांदळाची न फोडलेली पिशवी,
पाणी उजव्या हाताला.

परिक्रमेचा नियम तसाच आहे,
नर्मदा उजवीकडे ठेवायची, ओलांडायची नाही.
म्हणून झुलत्या पुलापाशी थांबतो.
पलीकडे ऐजा, पांढरा दीपस्तंभ, ओळखीची चहाची टपरी.
शंभरदा ओलांडलेला पूल, आता पाय ठेवत नाही.
येताना मात्र पाणी डावीकडे पडतं.
त्याला उपाय सापडला नाही.
मागच्या गल्लीने येतो, रोटीच्या भट्टीवरून,
पाणी दिसणार नाही असा.

कारखान्यात मी समुद्र गाळतो.
इकडून खारट आत, तिकडून गोडं बाहेर,
उरलेलं दुप्पट खारट परत दर्यात.
चोवीस वर्षं काट्यावर नजर.
या गावातल्या प्रत्येक चहात
माझ्या पाळीचा एक घोट आहे.
वाहती नदी मात्र इथे नाही.
इथे वाडी म्हणजे कोरडं पात्र, गोटे, बोरीची झुडपं.
आमच्याकडे वाडी म्हणजे सातआठ घरं.
हमदला हे सांगितलं तर खूप हसला.
म्हणाला, मग नदीला काय म्हणता?
म्हटलं, हिला मैया म्हणतात.
तो हसायचा थांबला.

सामान ही खरी अडचण.
प्रत्येक सुट्टीला तीस किलो नेलेत,
खोक्याला चिकटपट्टी, त्यावर जाड शाईने नाव,
दुधाची पावडर, अत्तरं, दोन ब्लँकेटं,
वर अर्धा किलो जास्त झाला म्हणून
काउंटरपाशी खजूर खात उभा राहिलेला मी.
आता सगळं मिळून सहा किलो.
एक पंचा, एक जोडी कपडे, आसन, सुई.
सुई फोडांसाठी. दोरा फोडातून ओढून तसाच ठेवायचा, म्हणे.
तवा काढला. ट्रान्झिस्टर काढला.
तवा परत ठेवला.

आणि मागायचं.
दारात उभं राहून, नर्मदे हर म्हणून, मिळेल ते घ्यायचं.
मी आयुष्यभर पाठवत आलो, मागितलेलं आठवत नाही.
सराव म्हणून शेजारच्या बिजूचं दार वाजवलं.
नर्मदे हर म्हणवलं नाही,
भात आहे का, एवढंच विचारलं.
त्याने भरली थाळी दिली, वर मासा,
आणि हळूच विचारलं,
पगार अडकलाय का तुझा?

शालनला फोनवर सांगितलं तेव्हा
ती बराच वेळ बोलली नाही.
मागे कुकरची शिट्टी झाली, तीही पुरी होऊ दिली.
मग म्हणाली, चोवीस वर्षं लांब होतास.
कार्तिकात येणार, आणि लगेच सहा महिने चालायला?
मी गुडघ्याविषयी बोललो. तिने गुडघ्याचं विचारलं नव्हतं.

नकाशात मी रोज तीच जागा बघतो.
नदी संपते तिथे परिक्रमा नावेत बसते,
आखात पार करून दुसऱ्या काठाला लागते.
आखात.
गावात माझा पत्ता विचारला की एवढंच सांगतात,
आखातात असतो.
तिथून पुढे उत्तर तट,
आणि पायी उलटं वर, उगमाकडे.

गुरुवारी पाळी संपताना मेसेज आला.
सहा नंबर. पाऊल रुंद आहे.
बाकी काही नाही.

गुलजमान मोच्याने माझे बूट आधीच बांधलेत,
ट्रकच्या टायरचा तळ, दीड रियाल, दोऱ्याचे दोनशे बैसे वेगळे.
म्हटलं, अजून एक जोड, बाईमाणसाचा, सहा नंबर, रुंद.
किती रुंद? पाय बघितल्याशिवाय कसं कापू?
मी दोन्ही हातांनी अंदाज दाखवला.
त्याने तेवढा टायर आखला.
मग मी म्हटलं, थांब,
आणि जरा वेगळा दाखवला.