दुसरा नाका

जुईली केणीने दुपारी येऊन राउटर लावला,
शोकेसवर, लग्नातल्या समईशेजारी.
चार हिरवे दिवे. म्हणाली,
"काका, आधी पासवर्ड बदला.
कंपनीचा आहे तसाच ठेवलात
तर अख्ख्या खारेगावाला किल्ली दिल्यासारखं."
बदलला. माझा जुना बिल्ला नंबर
आणि कुमुदच्या माहेरचं काहीतरी.
पुढचं सांगत नाही.

मग ती फायरवॉल समजावू लागली.
म्हटलं, पोरी, थांब.
एकतीस वर्षं मी विटाव्याच्या जकात नाक्यावर काढली.
एवढंच सांग, बिल्टी कोण तपासतं?

तिने राउटरची नोंदवही उघडून दाखवली.
पहाटे तीन बारा: दार वाजलं. नाकारलं.
तीन बारा: पुन्हा. नाकारलं.
तीन तेरा: दुसराच कुणी, तेविसाव्या दारावर. नाकारलं.
इतकी लांब रात्रपाळी
आणि ना चहा, ना डुलकी,
ना कुणाचं "साहेब, भाजी आहे, नासेल, सोडा की".
कोण ही माणसं?
"माणसं नाहीत काका, यंत्रं आहेत.
सगळ्या जगाची दारं ढकलत फिरतात.
एखादं उघडं लागतं."

एवढ्यावर थांबली नाही.
लॅपटॉपमध्ये तिने आणखी एक नाका बसवला.
मला पटेना. वेशीवर एक आहे,
मग माजघरात कशाला?
"दिवाळीत जावयांचा फोन वायफायला जोडलात ना?
तो वेशीच्या आत आला.
त्याच्यातच काही घाण असेल तर राउटर काय करणार?
आणि राउटर येणाऱ्याला अडवतो.
आतून निघालेल्याला तो सहसा विचारत नाही."

हे मात्र कुठेतरी लागलं.
आम्हीही कधी विचारलं नव्हतं.
जकात आत येणाऱ्या मालावर.
शहरातून भरून निघालेल्या गाडीकडे
आम्ही मान वर करूनही बघत नसू.

रात्री अकराला पडद्याच्या कोपऱ्यात
एक लहानशी खिडकी उघडली:
पंचांग बाहेर जाऊ पाहत आहे. परवानगी द्यायची?
फुकटचं पंचांग. गणपतीच्या आधी मीच उतरवून घेतलेलं.
गुमान रोजची तिथी सांगायचं.
त्याला रात्री अकराला कुठे जायचंय?
पत्त्याच्या जागी नुसते आकडे,
गावाचं नाव नाही.
आठ महिने रोज जात असेल,
पिशवीत काय घालून, देव जाणे.
पेन्शनचा दाखला, कुमुदचे तपासणीचे कागद,
नातवाचा फोटो, टोपडं घातलेला.

बोट "हो"वर गेलंच होतं.
सवय.
चौऱ्याण्णव साली एका टेम्पोच्या बिल्टीवर
मी न वाचता शिक्का मारला.
घडीत पन्नासची नोट होती.
कागदावर लादी लिहिली होती.
ताडपत्रीखाली काय होतं
ते मला आजही माहीत नाही.
बांबू आडवा होता, कंदील पेटलेला होता,
नाका जिथल्या तिथे होता.
फुटलो होतो तो मी.

चष्मा पुसला.
ओळीवर बोट ठेवून
शेवटच्या आकड्यापर्यंत वाचलं,
जसं त्या रात्री वाचायला हवं होतं.
"नाही" दाबलं.
शिक्क्यासारखा धप्प आवाज होईल असं वाटलं.
झाला नाही.

सकाळी कुमुद विचारते, एकादशी आज की उद्या?
पंचांग रुसलंय, पांढरं पान दाखवतंय.
मी स्वयंपाकघरात जातो.
फोडणीचे डाग पडलेलं कॅलेंडर
खिळ्यावर मुकाट लटकतंय,
वर्षभर कुठे जात नाही, यायचं तर वाण्याकडून येतं.
उद्या, मी सांगतो.
साबुदाणा मी भिजत घालतो.